नापास थर

"बाई, निशाण उपटलं!"

माझा मदतनीस इसाक मुलाणी धापा टाकत प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन वजनकाटे आणि रॉकेलचा स्टोव्ह. मी स्टोव्हवर तवा ठेवून माती भाजत होते. हातातलं उलथणं तसंच राहिलं.

"कुठलं निशाण?"

"आपलं. सकाळी लावलेलं तांबडं, डाव्या सांध्याजवळचं. टिपर वर माती टाकतायत, रोलर चढलाय. मी आरडाओरडा केला तर म्हणाले, जा, तुझ्या बाईला सांग."

"कोण म्हणालं?"

इसाकनं नजर खाली वळवली. "दातीर साहेब."

दातीर साहेब म्हणजे माझे यजमान.

धरणाचं नाव मी सांगत नाही. ते अजून उभं आहे, आणि त्याच्या पाण्यावर तीन तालुके ऊस लावतात. त्या वेळी ते अर्धंच झालं होतं. आम्ही दोघंही पाटबंधारे खात्यात डिप्लोमा झालेले इंजिनिअर. त्यांना मिळालं बांधकाम, मला गुणनियंत्रण. "बाईमाणूस उन्हात कुठं उभी राहणार, हिला सावलीतलं काम द्या," असं म्हणून मला तिथं टाकलं होतं. तिथं तसेही नको असलेलेच लोक येत. कुणी वरिष्ठाशी भांडलेलं, कुणी आजारी, आणि आता एक बाई.

आमच्या कामाची गंमत अशी की धरण बांधणारं खातं तेच, आणि त्या बांधकामातली खोट शोधणारेही त्याच खात्याचे. फरक एवढाच की बांधणाऱ्यांचे साहेब कॅम्पात राहत आणि आमचे पुण्यात. माझी रजा पुण्याहून मंजूर होई, माझा गोपनीय अहवाल पुण्यात लिहिला जाई. बाकी क्वार्टर, पाणी, वीज, जीप, सगळं बांधकामवाल्यांच्या मर्जीवर. आमच्या जीपला डिझेल नाही असं महिन्यातून कितीदा तरी व्हायचं.

मातीचं धरण थराथरानं चढतं. वीतभर माती पसरायची, टँकरनं भिजवायची, रोलर फिरवून दाबायची. मग आम्ही जायचं. थरात छोटा खड्डा घ्यायचा, निघालेली माती मोजायची, भाजून तिच्यात पाणी किती होतं ते काढायचं. निकाल लागेपर्यंत तिथं तांबडं निशाण. थर पास झाला की निशाण काढायचं ते आमच्याच माणसानं, आणि मगच वर पुढचा थर. कॅम्पातल्या बायका मला "माती भाजणारी" म्हणायच्या. नळावर भेटल्या की विचारायच्या, "काय कुमुदवहिनी, आज काय केलंत, मातीची भाकरी की मातीचा भात?" मीही सांगायची, "भाकरी. तुमच्या ह्यांना पाठवून द्या जेवायला."

त्या उन्हाळ्यात घळभरणी चालू होती. नदी वाहती राहावी म्हणून धरणात मधे मोकळी ठेवलेली जागा म्हणजे घळ. दोन्ही बाजूंचं धरण आधीच उंच झालेलं असतं, आणि मधली घळ एकाच उन्हाळ्यात, नदीला पूर यायच्या आत, भरून काढायची असते. त्यात सगळ्यात नाजूक भाग म्हणजे सांधा. नवी माती जुन्या धरणाला भिडते ती जागा. पाणी वाट शोधतं ते तिथंच. आणि घळभरणीच्या समारंभाला मंत्री यायचे होते. तारीख ठरली होती, मांडव पडला होता, पत्रिका छापून वाटल्या होत्या.

माझे साहेब, उपअभियंता हुद्दार, पोटाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला दवाखान्यात होते. जाताना कार्यभार माझ्याकडे देऊन गेले. एस.टी.त चढता चढता म्हणाले, "दातीरबाई, थर पास म्हणा किंवा नापास म्हणा. 'चालेल' म्हणू नका. सगळा महाराष्ट्र 'चालेल'वर चालतो. आपल्याला तो शब्द नाही."

तव्यातली माती मी काट्यावर ठेवली. सकाळचा पहिला नमुना नापास झाला होता, माती कोरडी होती. चूक आपली असेल म्हणून दुसरा नमुना भाजायला घेतला होता. तोही तेच सांगत होता. टँकर फिरलाच नव्हता. घाईत कोरड्या ढेकळांवरून रोलर फिरवला होता. वरून थर सुरेख दिसत होता, सपाट, अंगणासारखा.

"चल इसाक," मी म्हटलं.

"जीप?"

"डिझेल आहे का?"

"नाही म्हणाले."

"मग चल चालत."

*

सांध्यावर पोचलो तेव्हा आमच्या थरावर एक थर पूर्ण पडला होता आणि दुसऱ्याची माती पसरत होते. यजमान डोक्याला टॉवेल गुंडाळून रोलरवाल्याला हातवारे करत होते.

साइटवर आम्ही एकमेकांशी परक्यासारखं बोलत असू. ते मला दातीरबाई म्हणत, मी त्यांना दातीर साहेब. मजुरांना त्याची फार मजा वाटे. घरी मात्र मी "अहो" आणि ते "कुमुद".

"दातीर साहेब, रोलर थांबवा."

"का?"

"खालचा थर नापास आहे. दोन्ही नमुने. निशाण कुणी काढलं?"

"मी काढलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"वरून सांगितलं." त्यांनी टॉवेलनं मान पुसली. हळू आवाजात म्हणाले, "रणदिवे साहेबांना सकाळी मुंबईहून फोन होता. तारीख बदलणार नाही म्हणून. एक थर राहिला तर काय होतंय? पाच-सहा पुरुष उंचीची माती येणार आहे त्याच्यावर."

"म्हणूनच. मग खाली हात कसा घालणार?"

"बाई, तुम्ही पुस्तकातलं बोलताय."

"मी तव्यातलं बोलतेय."

रोलरवाला फिसकन हसला. यजमानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं इंजिनच बंद केलं. इंजिन बंद झाल्यावर तिथं एकदम शांत झालं. खालच्या गावातली शाळा सुटली होती, पोरांचा कालवा वाऱ्यावर वर येत होता.

तेवढ्यात रणदिवे साहेबांची जीप आली.

रणदिवे कार्यकारी अभियंता. आडवा बांधा, जाड भिंगाचा चष्मा, आणि आवाज असा की घळीच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाला मुकादम उभा राही. कॅम्पात कुणाचं बदलीचं, कुणाचं बढतीचं, सगळं त्यांच्या हातात. माझ्या यजमानांचा गोपनीय अहवाल तेच लिहीत. त्या वर्षी यजमानांचं नाव बढतीच्या यादीत होतं. तेही रणदिव्यांनीच सुचवलेलं.

"रोलर का उभाय?" जीपमधून उतरता उतरताच त्यांनी विचारलं.

मीच पुढे झाले. "मी थांबवायला सांगितलं साहेब. खालचा थर नापास आहे. वरचा थर आणि ही माती काढून तो उचलावा लागेल."

"उचलावा लागेल." त्यांनी माझे शब्द चवीनं पुन्हा म्हटले. "दोन दिवस जातील, माहीत आहे?"

"हो साहेब."

"समारंभ परवा आहे, हे माहीत आहे?"

"पत्रिका आमच्याकडेही आली आहे, साहेब."

मागे मजूर बायका पाट्या ठेवून ऐकत होत्या. रणदिवे चार पावलं चालले, बुटाच्या टाचेनं माती दाबून पाहिली, परत आले.

"बाई, एक थर. एका थरानं धरण फुटत नाही. वरून भार आला की आपोआप दबेल. चालेल म्हणा."

"नापास आहे साहेब."

"मी काय विचारतोय? चालेल की नाही?"

"तो शब्द आम्हाला नाही साहेब. पास किंवा नापास."

मजूर बायकांमधून एकजण "अगं बया" म्हणाली, आणि रणदिव्यांचा चेहरा तांबडा झाला.

"मग तोंडी कशाला सांगत उभ्या आहात?" ते गरजले. "लेखी द्या!"

सरकारी खात्यात राहिलेल्या माणसाला या दोन शब्दांचं वजन सांगावं लागत नाही. तोंडी फार लोक शूर असतात. 'लेखी द्या' म्हटलं की मान खाजवतात, विचारून सांगतो म्हणतात, आणि मग ते विचारणं कधी होत नाही. मी इसाककडे पाहिलं तर तो आकाशाकडे पाहत होता.

"आणि प्रत पुण्याला, तुमच्या साहेबांकडे," रणदिवे पुढे म्हणाले. "बिनतारी संदेशानं. आत्ता, जेवायच्या आधी. मला दिलेलं पत्र मी खिशात घालीन, कळलं का? काम थांबवायचं म्हणता, तर पुऱ्या हिमतीनं थांबवा!"

कंत्राटदाराची माणसं हसली. मलाही तो टोमणाच वाटला. आधी डिझेल तोडायचं, मग चारचौघांत पाणउतारा.

यजमान माझ्याजवळ आले. साइटवर पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली.

"कुमुद, लेखी नको. मी सांगतो ते ऐक. माझ्या पाळीवरचा थर आहे तो. कागद झाला की तो माझ्या नावावर जाणार. समारंभ होऊ दे, मग मी स्वतः त्या भागाकडे बघतो."

"मग काय बघणार? तो दिसणार तरी आहे का?"

"माझं या वर्षीचं जाईल, कुमुद."

ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते विनवत होते. आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. या माणसानं माझ्यासाठी आपल्या आईशी भांडून मला नोकरी करू दिली होती, आणि आज त्याचं काहीतरी माझ्या हातात होतं. मी खाली त्या सपाट, सुरेख थराकडे पाहिलं. खरंच काही दिसत नव्हतं. मला सुद्धा नाही.

पिशवीत कागद होता. पेन प्रयोगशाळेत राहिलं होतं.

"दातीर साहेब," मी म्हटलं, "पेन आहे का?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि माझ्या हातात दिलं.

मी रणदिव्यांच्या जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. बॉनेट तापलं होतं, मनगट भाजत होतं. डाव्या सांध्याजवळचा थर कोरडा असल्याने नापास, त्यावरील माती काढून थर उचलावा, पाणी मारून पुन्हा दाबावा, तोवर पुढील काम थांबवावे. खाली सही, प्रभारी उपअभियंता, गुणनियंत्रण. रणदिव्यांनी कागद वाचला. घडी घालून खरोखरच खिशात टाकला. मग ड्रायव्हरला म्हणाले, "बाईंना बिनतारीच्या खोलीवर सोड. आणि त्यांच्या जीपला डिझेल नाही म्हणणारा कोण आहे ते मला संध्याकाळी सांग."

तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

*

पुण्याहून उत्तर आलं ते चार वाजता. हुद्दारांनी दवाखान्यातून काय केलं कोण जाणे, पण उत्तर आमच्या अधीक्षक अभियंत्यांच्या नावानं होतं. थर उचलावा. उचलल्याचा अहवाल पाठवावा. तोवर काम बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोझर लावून वरची माती खरवडली. अख्खी साइट बघायला जमली होती. समारंभ पुढे गेला म्हणून कंत्राटदाराचा मांडववाला शिव्या देत कनाती उतरवत होता. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. इसाक मात्र नवा सदरा घालून आला होता, का ते त्यालाच माहीत.

नापास थर उघडा पडला तेव्हा वरून तो कालच्यासारखाच दिसला. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "बघा! लोखंडासारखा आहे."

यजमान खाली उतरले. पहारीचं टोक त्यांनी थरात घातलं आणि उचकटलं. एक ढेकूळ निघालं, नारळाएवढं. बाहेरून घट्ट. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून दाबलं. ते फुटलं. आत भुसभुशीत, पिठासारखी कोरडी माती. बोटांतून गळाली आणि वाऱ्यानं उडाली.

त्यांनी दुसरं ढेकूळ काढलं. तिसरं काढलं. मग हात पँटला पुसले आणि वर पाहून असे ओरडले, की त्यांचा तो आवाज मी ना आधी ऐकला होता ना नंतर.

"टँकर आणा रे! दोन आणा! हा सगळा थर उचलायचाय. कुणी कोरड्यावर रोलर घातला तर त्याला त्या रोलरखाली घालीन!"

त्या दिवशी ते डबा खायलासुद्धा वर आले नाहीत. थर नव्यानं दाबून झाला. मी नमुना घेतला, भाजला, पास झाला. निशाण काढायला इसाक गेला.

यजमानांना मेमो मिळाला, बढती त्या वर्षी गेली. घरात आम्ही बरेच दिवस कामापुरतं बोलत होतो. भाजी काय आणू, दिवा मालवू का. नळावरच्या बायका मी आल्यावर भांडी उचलून जात. त्यांच्याही घरात समारंभाचे नवे कपडे घडी मोडल्याविना पडले होते. मग एकदा जेवताना यजमानांनी ताटातला भात बोटानं दाबून पाहिला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "थर नापास आहे."

"उचला मग," मी म्हटलं.

दोघंही इतकं हसलो की शेजारच्या वहिनी खिडकीशी आल्या.

*

धरण भरलं. आमच्या बदल्या झाल्या, मुलं मोठी झाली. यजमानांना बढती मिळाली, मीही शेवटी गुणनियंत्रणातच उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. बांधकामात बदली देतो म्हणून दोनदा विचारलं होतं. मी नको म्हटलं.

मग एकदा संगमनेरला एका लग्नात रणदिवे भेटले. फार म्हातारे झाले होते. हातात काठी, चष्मा तसाच जाड. मांडवात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, मी जाऊन बसले आणि नमस्कार केला.

"दातीरबाई," त्यांनी लगेच ओळखलं. "माती भाजता का अजून?"

"आता पोळ्याच भाजते साहेब."

ते हसले. थोडा वेळ सनई ऐकत राहिलो. मग मी अनेक वर्षं मनात असलेलं बोलले. "साहेब, त्या दिवशी तुम्ही मला चारचौघांत 'लेखी द्या' म्हणून दटावलंत. माझे पाय लटपटत होते."

"माझेही," ते म्हणाले.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. ते माझ्याकडे न पाहता बोलत राहिले.

"सकाळी मुंबईहून सांगितलं, तारीख हलणार नाही. मी 'हो साहेब' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दातीरला म्हटलं, निशाण काढ. मग साइटवर आलो, बूट त्या मातीत रुतवून पाहिला, वरची मातीही कोरडीच लागली, तेव्हा मलाही कळलं. मी तुमच्याहून जास्त धरणं बांधली होती, बाई. पण मी थांबवलं असतं तर संध्याकाळी माझ्या जागी दुसरा आला असता आणि त्यानं तुमच्या थरावर दहा थर टाकले असते. काम थांबवायला मला मुंबईला सांगता येईल असं कारण हवं होतं. आणि ते माझ्या हाताखालच्या माणसानं दिलेलं असून भागणार नव्हतं."

"म्हणून पुण्याला प्रत?"

"म्हणून पुण्याला प्रत. माझ्याकडचा कागद त्यांना मला दाबायला लावता आला असता. तुमच्या पुण्याच्या कागदाला कुणाला हात लावता येईना. मी मुंबईला सांगितलं, काय करू साहेब, गुणनियंत्रणवाल्यांनी लेखी दिलंय, माझे हात बांधले." ते काठीवर हनुवटी टेकवून हसले. "इतकं समाधान मला पुढे कुठल्या फोनवर मिळालं नाही."

मला राग आला. खरोखर आला. इतकी वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

"साहेब, हे मला तेव्हा एकदा बाजूला घेऊन सांगायचं होतं. नुसती खूण केली असती तरी चाललं असतं. माझ्या घरात महिनाभर कुणी नीट बोललं नाही."

त्यांनी मान हलवली. हळूहळू, पुन्हा पुन्हा.

"नाही बाई. मी खूण केली असती तर तुम्ही माझं काम केलं असतं. मग तुमच्या सहीला काय अर्थ होता? मी दुसऱ्या कुणाला आणलं असतं, तरी त्यानं तसंच लिहिलं असतं, मी सांगितलं म्हणून. मला असं माणूस हवं होतं, ज्याला माझं ऐकायची गरज नाही. तसं माणूस त्या अख्ख्या कॅम्पात एकच होतं." ते थांबले. "आणि तेही भीत भीत उभं होतं. दिसत होतं मला."

अक्षता पडल्या. बोलणं तिथंच राहिलं. त्यांची सून त्यांना पंगतीला घेऊन गेली.

परतीच्या गाडीत यजमानांनी विचारलं, "रणदिवे काय म्हणत होते एवढा वेळ?"

"काही नाही. खात्यातलं."

"कुठल्या खात्यातलं? त्यांच्या का तुझ्या?"

मी खिडकीची काच वर केली. वारा फार लागत होता, आणि मला माझं उत्तर त्यांना नीट ऐकू जायला हवं होतं.

"माझ्या," मी म्हटलं.